फ्लेमिंगो सगळ्यांनाच हवेत, मग त्यांच्या तळ्यावरून वाद का? नवी मुंबईच्या निवडणुकीत पर्यावरण नेमकं कुठे आहे?

नवी मुंबईत फ्लेमिंगोला मत नाही, पण भिंत आहे. उड्डाणपुलाखालच्या खांबांवर, चौकातल्या शिल्पांमध्ये, स्वच्छतेच्या जाहिरातींमध्ये हा गुलाबी पक्षी सगळीकडे दिसतो. महापालिकाच या शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणते. त्यामुळे १५ जानेवारी २०२६ ला झालेल्या महापालिका निवडणुकीतल्या कुठल्याही उमेदवाराला विचारा, फ्लेमिंगो वाचले पाहिजेत का? उत्तर 'हो'च येणार.

अडचण त्याच्या पुढच्या प्रश्नाला येते. ते वाचवायचे कोणी?

आधी ही निवडणूक का वेगळी आहे ते पाहू. नवी मुंबई महापालिकेची याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. त्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. तेव्हा कोरोना होता, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिल्यावर राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका एकदम लागल्या. म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त काळ या शहरात एकही नगरसेवक नव्हता. २०२६ च्या या निवडणुकीच्या वेळी ज्याचं वय सत्तावीस होतं, त्याने तोवर नगरसेवकासाठी कधी मतच दिलेलं नव्हतं.

आणि याच साडेपाच वर्षांत शहराच्या हवेपासून खाडीकिनाऱ्यापर्यंतचे बरेचसे मोठे वाद पेटले.

उमेदवारांची भूमिका कळणार कुठून?

निवडणूक आयोगाकडे उमेदवार जे शपथपत्र देतो, त्यात मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांची माहिती असते. पर्यावरणाबद्दल त्यात काही विचारलेलं नसतं. उरतो तो जाहीरनामा. शिवसेनेच्या परंपरेत तो 'वचननामा' असतो, भाजपच्या भाषेत 'संकल्पपत्र', बाकीच्यांचा साधा जाहीरनामा. नाव कुठलंही असो, त्यात 'हरित शहर', 'प्रदूषणमुक्त हवा' आणि 'तलावांचं सुशोभीकरण' या ओळी ठरलेल्या. त्यावरून एक उमेदवार दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. सुशोभीकरण म्हणजे तलावाभोवती पेव्हर ब्लॉक आणि कारंजं, असं समीकरण झालंय ते वेगळंच.

त्यामुळे काय बोलतात यापेक्षा कशाबद्दल बोलत नाहीत, हे पाहिलं तर जास्त हाती लागतं. त्यासाठी एक तळं पुरेसं आहे.

डीपीएस तळ्याची गोष्ट

नेरुळ-सीवूड्सच्या टोकाला, डीपीएस शाळेच्या मागे सुमारे ३० एकरांची पाणथळ जागा आहे. सगळे तिला 'डीपीएस तलाव' म्हणतात. फ्लेमिंगो खातात ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो. पक्ष्यांना पुढचे काही तास उभं राहायला उथळ जागा लागते. डीपीएस, एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची आणि टीएस चाणक्यजवळची पाणथळ या भरतीच्या वेळच्या जागा आहेत. खाडीच्या मुंबईकडच्या बाजूचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. पण पक्षी अभयारण्याची हद्द बघून बसत नाहीत. खाणावळ सरकारने राखली, विश्रांतीच्या जागा बाहेर राहिल्या.

डीपीएस तलावात खाडीचं पाणी आत-बाहेर होत राहिलं तरच तो जिवंत राहतो. नेरुळ जेट्टीच्या बाजूने पाणी आत येण्याची वाट बुजली आणि तळं सुकायला लागलं. २०२४ च्या उन्हाळ्यात या भागात फ्लेमिंगो मरून पडलेले, जखमी झालेले दिसू लागले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला दुबईहून येणाऱ्या विमानाची थव्याला धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. नवी मुंबईतल्या जागा बिघडल्याने पक्षी इकडेतिकडे भरकटू लागले असावेत, अशी शंका पर्यावरण कार्यकर्त्यांनी तेव्हा व्यक्त केली होती. ओरड झाली, सरकारने समिती नेमली आणि एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलाव 'संवर्धन राखीव क्षेत्र' करायला मंजुरी दिली.

इथपर्यंत गोष्ट सुखाची वाटते. पण शेजारच्या दोन पाणथळींचं काय? एनआरआयजवळच्या जागेवर सिडकोने गोल्फ कोर्स आणि घरांचा प्रकल्प आखला होता. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो अडवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दुसरीकडे महापालिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये आपला पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. या आराखड्याच्या प्रक्रियेत पाणथळींच्या जागा निवासी वापराकडे वळवल्या जात आहेत, असा आक्षेप नागरिकांनी घेतला. आराखडा म्हणजे शहरात कुठे काय होणार याचा कायदेशीर नकाशा. त्यात तळ्यावर निवासी रंग आला, की पुढची भांडणं बरीचशी संपतात. बिल्डरच्या बाजूने.

हा आराखडा नागरिकांसमोर आला आणि त्यावरच्या हरकतींची सुनावणी झाली, तेव्हा महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस बसलेला नव्हता.

'आमच्या हातात नाही' हे कितपत खरं?

एखादा माजी नगरसेवक याला सहज उत्तर देईल, 'जमीन सिडकोची आहे हो, आम्ही काय करणार?' त्यात तथ्य आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. महापालिका आली १९९२ मध्ये. शहर वसवण्यासाठी संपादित केलेल्या जमिनीची मालकी सिडकोकडे, आणि सिडको येते राज्याच्या नगरविकास विभागाखाली. कांदळवनं वनविभागाकडे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा, त्यातून रात्री कोपरखैरणे-वाशीकडे येणारा रासायनिक वास तपासायचा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने. नगरसेवक कारखाना बंद करू शकत नाही, भूखंडाची विक्री थांबवू शकत नाही, कांदळवनातली एक फांदीही तोडायची परवानगी देऊ शकत नाही.

पण या वेळी नवी मुंबईत हा बचाव जरा तोकडा पडतो. कारण इथे भाजप आणि शिंदेंची शिवसेना, राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष, एकमेकांविरुद्ध लढले. भाजपचं नेतृत्व ऐरोलीचे आमदार गणेश नाईक करतात, जे राज्याचे वनमंत्री आहेत. समोर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे, ज्यांच्याकडे नगरविकास खातं आहे, म्हणजे सिडको त्यांच्या खात्याखाली. उद्योगमंत्री उदय सामंत शिवसेनेचे, म्हणजे एमआयडीसी तिकडे. पर्यावरणमंत्री पंकजा मुंडे भाजपच्या, म्हणजे प्रदूषण मंडळ इकडे.

थोडक्यात, ज्या चार सरकारी दारांकडे बोट दाखवून नगरसेवक हात झटकतात, त्या चारही दारांच्या चाव्या याच निवडणुकीतल्या दोन पक्षांच्या खिशात आहेत. नाईक यांनी पाणथळींच्या बाजूने जाहीर भूमिका घेतलेली आहे. शिंदेंच्या पक्षाच्या उमेदवाराला विचारण्यासारखा प्रश्न असा, की सिडकोने आपल्या ताब्यातल्या पाणथळी वनविभागाकडे द्याव्यात यासाठी तुम्ही तुमच्याच नेत्याकडे जाणार का? आणि भाजपच्या उमेदवाराला विचारायचं, की डीपीएसला जे मिळालं ते एनआरआय आणि टीएस चाणक्यला मिळावं यासाठी तुमच्या वनमंत्र्यांकडे किती दिवसांत मागणी करणार? विरोधकांना यातून सूट नाही. महाविकास आघाडी सत्तेत असतानाही सिडको राज्य सरकारचीच होती.

मग नगरसेवकाच्या हातात काय उरतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच. पहिलं म्हणजे तोच विकास आराखडा. त्याला अंतिम मंजुरी राज्य सरकार देतं, पण पुढे त्यात एखाद्या जागेचा वापर बदलायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ नुसार महापालिकेने प्रस्ताव, हरकती, सुनावणी ही वाट चालावी लागते. मैदानाचं पार्किंग होतं, हरित पट्ट्यात इमारत उभी राहते, ती याच वाटेने. असे फेरबदल सभागृहात अनेकदा सभेच्या शेवटी, घाईत, चर्चेविना मंजूर होतात. राज्य सरकार सभागृहाचा ठराव विखंडित करू शकतं हे खरं, पण मग ते सरकारला उघडपणे करावं लागतं.

दुसरं झाडांचं. शहरातली झाडं तोडायची परवानगी वृक्ष प्राधिकरण देतं. त्याचे अध्यक्ष आयुक्त असतात, पण सदस्य सभागृहातून जातात. प्रशासकाच्या काळात परवानगी मागणारा विभागही महापालिकेचा, देणारेही आयुक्तच. आता निदान टेबलाच्या पलीकडे कोणीतरी बसेल. कोण बसणार, हे पक्ष ठरवतात. रस्त्यांच्या कामाचे ठेकेदार ज्याचे नातेवाईक आहेत अशाला तिथे बसवायचं, की ज्याला पिंपळ आणि पर्जन्यवृक्ष यातला फरक कळतो त्याला, हाही एक निवडणुकीचा मुद्दा व्हायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट फारच थोड्या मतदारांना माहीत असते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेसमोर मांडायचा असतो. हवा, पाणी, आवाज, कचरा, झाडं, सगळं त्यात येतं. सभागृहच नसल्यावर काय होतं? प्रशासक हेच आयुक्त आणि प्रशासक हेच सभागृह. अहवाल मांडणारेही तेच आणि ऐकणारेही तेच. खुर्चीवरून प्रश्न विचारणारा कोणी नाही. नवी मुंबई केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे, म्हणजे इथली हवा ठरलेल्या मानकात बसत नाही हे सरकारनेच मान्य केलंय. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातल्या हवेची स्वतःहून दखल घेतली. जो प्रश्न न्यायाधीशांना विचारावा लागला, तो विचारण्याचं काम खरं तर सभागृहाचं होतं.

धारण तलाव : जिथे सोपं आश्वासन अडकतं

आता अशा विषयाकडे येऊ, जिथे उमेदवाराची खरी परीक्षा होते. पावसाळ्यात वाशी, सीबीडी बेलापूरमध्ये पाणी तुंबलं की 'धारण तलावांतला गाळ काढू' हे आश्वासन हमखास येतं. ऐकायला एकदम साधं.

नवी मुंबईचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सिडकोने डच पद्धतीने खाडीकिनारी धारण तलाव बांधले. नाल्यांचं पाणी आधी या तलावात जमा होतं. भरती असताना झडपा बंद राहतात, म्हणजे खाडीचं पाणी शहरात घुसत नाही. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. जोरदार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की तलावात किती जागा शिल्लक आहे, यावर तळमजल्यावरच्या घरांचं नशीब ठरतं.

वर्षानुवर्षं गाळ साचला. गाळात कांदळवनं उगवली. सप्टेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांना कडक संरक्षण दिलं, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासह. आता गाळ काढायचा तर कांदळवन हलवावं लागतं आणि त्यासाठी सगळ्या परवानग्या घेऊन थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणजे इथे पर्यावरण विरुद्ध बिल्डर असा सोपा सामना नाही. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला तळमजल्यावर राहणारी कुटुंबं, आणि दोघांचंही म्हणणं बरोबर.

अशा वेळी कांदळवनांना 'झुडपं' म्हणून टाळ्या घेणारा उमेदवार आणि 'एकही फांदी तोडू देणार नाही' म्हणून टाळ्या घेणारा उमेदवार, दोघांनीही विषय वाचलेला नाही असं खुशाल समजावं. नाल्यात गाळ येतो कुठून, तो वरच अडवायला काय करणार, किती तलावांचे प्रस्ताव परवानगीसाठी कुठल्या टप्प्यावर आहेत, हे जो सांगू शकतो त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. गाळाचा एक भाग डोंगर पोखरल्याने येतो. आणि रात्री डंपरने खाडीकिनारी टाकल्या जाणाऱ्या डेब्रिजचं काय? जुन्या सिडको इमारतींच्या पुनर्विकासाची कामं वाढत आहेत, म्हणजे डेब्रिज आणखी वाढणार. डेब्रिज पकडणं, दंड करणं, त्यावर प्रक्रिया करणं हे मात्र पूर्णपणे महापालिकेचं काम आहे. तिथे सिडकोकडे बोट दाखवता येत नाही.

हा मुद्दा सगळ्यांचा का होत नाही?

पाणथळींचा प्रश्न सीवूड्सच्या टॉवरवाल्यांचा आहे, त्यांना खिडकीतून दिसणारा नजारा टिकवायचाय, अशी टीका गावठाणांतून ऐकू येते. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. इथल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भूमिपुत्रांना साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करा, ही गावठाणांतली पहिली मागणी आजही तीच आहे. ज्याच्या डोक्यावरचं छप्परच कागदावर बेकायदा आहे, त्याने पक्ष्यांच्या विश्रांतीसाठी मत द्यावं, ही अपेक्षा जरा जड आहे.

पण याच गावांत दिवाळे, सारसोळे, वाशीगावचे कोळीही आहेत. खाडीत गाळ आणि रसायनं वाढली की सगळ्यात आधी त्यांचं जाळं रिकामं येतं. वाशी खाडीवरच्या तिसऱ्या पुलामुळे मासेमारीवर गदा येते म्हणून वाशीगावचे मच्छीमार उच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या भरपाईच्या हक्काच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल क्वचितच 'पर्यावरणाची बातमी' म्हणून वाचला गेला. सीवूड्सचा पक्षीप्रेमी आणि सारसोळ्याचा कोळी एकाच खाडीबद्दल बोलतात, पण प्रचारात एकाच्या वाट्याला फ्लेमिंगोचं चित्र येतं, तर दुसऱ्याच्या वाट्याला जेट्टीचं भूमिपूजन.

विमानतळाचंही असंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्यावर बोललं जातं ते दि. बा. पाटील यांच्या नावाबद्दल आणि स्थानिकांच्या नोकऱ्यांबद्दल. दोन्ही रास्त. पण पाणथळी राखल्या नाहीत तर भरतीला जागा शोधणारे थवे विमानतळाच्या बाजूला येऊ शकतात, असा इशारा बीएनएचएसने दिलेला आहे. म्हणजे डीपीएस तलाव हा विमानप्रवाशांच्या सुरक्षेचाही विषय आहे. हे वाक्य बोलायला पर्यावरणवादी असण्याची गरज नाही.

चौघांचा प्रभाग आणि एक जुनं उदाहरण

या निवडणुकीत नवी मुंबईत पहिल्यांदाच पॅनेल पद्धत होती. १११ जागा, २८ प्रभाग. सत्तावीस प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक, एकात तीन. म्हणजे बहुतेक मतदारांना चार मतं द्यायची होती. याचा पर्यावरणावरचा परिणाम साधा आहे. रस्त्यावरचा खड्डा असेल तर चौघंही श्रेय घ्यायला येतील, पण तळ्याच्या काठावर डंपर आला तर चौघांपैकी फोन कोणाला लावायचा?

खारघर, कामोठे, कळंबोलीत राहणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलं तरी तुमचं मत पनवेल महापालिकेसाठी आहे. तिथेही १५ जानेवारीलाच मतदान झालं. तळोजा एमआयडीसी आणि कासाडी नदी तुमच्या वाट्याला आलेली. २०१७ मध्ये याच भागात रस्त्यावरची कुत्री रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यामुळे निळी झाली होती आणि तो फोटो जगभर फिरला होता.

त्याच काळात पनवेलचे नगरसेवक अरविंद म्हात्रे कासाडीच्या प्रदूषणाविरोधात राष्ट्रीय हरित लवादात गेले. नदी महापालिकेच्या अखत्यारीत नव्हती, सांडपाणी केंद्र नव्हतं, कारखाने तर नव्हतेच. तरीही लवादाने तळोज्याच्या सामायिक सांडपाणी केंद्राच्या कारभारावर ताशेरे ओढले आणि नुकसानीपोटी पैसे भरायला लावले. कासाडी त्यामुळे निर्मळ झाली असं नाही. पण 'आमच्या हातात नाही' म्हणणाऱ्या उमेदवाराला हे उदाहरण जरूर सांगावं.

नवी मुंबईचं नवं सभागृह बसल्यावर पहिला पावसाळा जूनमध्ये येईल आणि त्या पाठोपाठ ३१ जुलै. नवा पर्यावरण अहवाल तोपर्यंत आयुक्तांनी सभागृहासमोर मांडायचा आहे. त्या दिवशी १११ पैकी किती जण बोलायला उभे राहतात, हे महापालिकेच्या इतिवृत्तात लिहिलं जाईल. ते इतिवृत्त माहितीच्या अधिकारात कोणालाही मागता येतं.